बाहीचे टाके

स्नूकरमध्ये हात मिळवावाच लागतो. दुसऱ्या खेळांत माणसं हरली की तोंड फिरवून निघून जातात, बॅट आपटतात, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. इथं ते चालत नाही. मॅच सुरू होताना एकदा आणि संपल्यावर एकदा, समोरचा तुमचा जन्माचा वैरी का असेना, त्याच्या हातात हात द्यायचा म्हणजे द्यायचा. नाही दिला तर लोक नावं ठेवतात, आणि संघटनेची नोटीस येते ती वेगळीच.

लातूरचा राजशेखर नांदेडला निघाला होता तो या हातासाठी.

आता हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. औसा रोडच्या क्लबात तो ज्या पोरांना शिकवायचा त्यांना वाटलं, सर निवड स्पर्धा खेळायला चालले. चाळिशी उलटल्यावर निवड कसली डोंबलाची! खरं कारण असं, की स्पर्धेचा ड्रॉ मोबाइलवर आला, त्यात पहिल्याच फेरीत आपल्या नावासमोर देविदासचं नाव दिसलं, आणि हा गडी जेवायचं सोडून शर्टाला इस्त्री करत बसला. दोन वर्षं झाली, देविदास त्याच्याशी बोलत नव्हता. फोन उचलत नव्हता, स्पर्धेत समोर आला तर बाजूनं निघून जायचा. पण मॅच पडली म्हटल्यावर हात द्यावाच लागणार होता त्याला. राजशेखरला तेवढंही पुरे होतं. घरी कुणी नसलेल्या माणसाचं असंच होतं, तेवढ्यातेवढ्यावर भागवायची सवय लागते.

सकाळच्या एसटीत क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, लांब पेटी त्यानं गुडघ्यांत धरली होती. कंडक्टरनं विचारलं, "बंदूक हाय का काय मालक?" आजूबाजूचे हसले. राजशेखर हसला नाही. म्हणजे त्याला हसू आलं होतं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. त्याचं तसंच होतं. खेळाडूंत त्याला 'फ्रीज' म्हणत.

हे नाव त्यानं कमावलेलं होतं बरं का. स्नूकरमध्ये निम्मा वेळ खुर्चीत बसून समोरचा आपली वाट लावताना बघायचं असतं. मध्ये बोलायचं नाही, हलायचं नाही, पाणी प्यायचं तर तेही त्याच्या नजरेआड. कुणी सुस्कारे टाकतं, कुणी मांडी बदलतं, कुणी छताकडं बघून देवाला कामाला लावतं. राजशेखरच्या तोंडावरची माशी हलायची नाही. जिंकला तरी तेच तोंड, हरला तरी तेच. समोरच्याचा शॉट चांगला बसला की दोन बोटं खुर्चीच्या हातावर वाजवायचा, तेवढीच त्याची वाहवा. पोरांना शिकवायचा, "रागवायचं ते खोलीवर जाऊन, रडायचं ते खोलीवर जाऊन. टेबलावर तोंड दाखवलं की डाव दाखवला." लोक म्हणायचे, खेळाडू असावा तर असा. आणि ते काही खोटं नव्हतं.

देविदास म्हणजे याच्या अगदी उलट. किनवटकडचा, वसतिगृहात वाढलेला, नांदेडच्या क्लबात टेबलं पुसता पुसता खेळ शिकलेला. जिंकला की टेबलाचा मुका घ्यायचा आणि समोरच्याला कवटाळायचा, तो बिचारा हरलेला असला तरी. हरला की हमसून हमसून रडायचा. एकदा क्यू आपटला म्हणून दंड भरला, आणि दंड भरताना पुन्हा रडला. अशी ही दोन टोकं, पण वीस वर्षं स्पर्धेच्या गावी एका खोलीत उतरली, एका डब्यात जेवली. डबा लातूरहून यायचा. राजशेखरची बायको शिवकन्या भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून द्यायची, आणि देविदासची चटणी वेगळी, तिखट.

बाहीची गोष्टही तिचीच. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा एका मॅचमध्ये राजशेखर वाकला आणि त्याची बाही लाल बॉलला लागली. बॉल हललासुद्धा नाही. रेफरीनं पाहिलं नाही, कुणीच पाहिलं नाही. पण स्नूकरमध्ये असं काही झालं तर खेळाडूनं आपणहून सांगायचं असतं, आणि तो सांगेल ते सगळ्यांनी मानायचं असतं. यानं सांगितलं, "फाऊल. बाही लागली." तिथून मॅच गेली. घरी येऊन यानं थोडंसं मिरवत सांगितलं, बायको कौतुक करील म्हणून.

शिवकन्या म्हणाली, "मग बाही आवळून घ्यायची की हो! खरं बोलता येतं म्हणून काय दरवेळेस बाही लावतच बसायचं?"

आणि सुई-दोरा घेऊन तिनं शर्टाची बाही मनगटाशी बारीक टाके घालून आवळून दिली. त्या दिवसापासून मॅचचा प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा. देविदास चिडवायचा, "वहिनी, याचं तोंड पण तुम्हीच शिवलंय का?" ती म्हणायची, "न्हाई हो भावजी, ते उदगीरहून शिवूनच आलंय." उदगीर म्हणजे राजशेखरचं माहेर, असं ती म्हणायची. कापडाचं दुकान होतं त्यांचं तिथं.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात राजशेखरनं काही कमी केलं नाही. औषधं वेळेवर, रिपोर्ट नीट लावलेले, डॉक्टरांशी बोलणं शांत. रात्र रात्र खुर्चीत बसून राहायचा, मॅचच्या खुर्चीत बसतो तसाच. एक दिवस शिवकन्या त्याच्याकडं बघत म्हणाली, "एकदा तरी घाबरा की हो. मला एकटीलाच भीती वाटून ऱ्हायली असं वाटतंय." तो म्हणाला, "काही होत नाही." तिला झोप लागली की हा तिचे श्वास मोजत बसायचा. पण ते तिला कसं कळणार? तोंड तर तेच होतं.

ती गेली. मातीला देविदास नांदेडहून आला तो रडत रडतच आला. जंगम स्वामी मंत्र म्हणत होते आणि हा बायकांच्या वरताण रडत होता. राजशेखर हात जोडून उभा. कोण आलं, कोण राहिलं, पाहुण्यांच्या पाण्याचं काय, सगळं बघत होता. लोक म्हणाले, लई धीराचा माणूस. तिसऱ्या दिवशी देविदास पुन्हा आला. घराला कुलूप. शेजारच्या महानंदाबाईंनी सांगितलं, सर क्लबात गेलेत. देविदासचा विश्वास बसेना. क्लबात जाऊन बघतो तर राजशेखर टेबलावर वाकलेला, दिवे लावलेले, बॉल मांडलेले.

"राजा," देविदास दारातून म्हणाला, "अरे, रडलास तरी का रे तू?"

राजशेखरनं वळूनही पाहिलं नाही. त्यानं डावा तळहात वर केला. शॉट चालू असताना कुणी बोललं की खेळाडू करतो तसा. थांबा, बोलू नका.

तो हात मुद्दाम वर केला नव्हता त्यानं. हात आपोआप गेला. देवाशप्पथ, हाताला कळलं नाही की हा क्लबातला कुणी नवखा नाही, हा देविदास आहे, आणि इथं मॅच चालू नाही. शॉट झाला, त्यानं मान वळवली, तेव्हा दारात कुणी नव्हतं. नंतर त्यानं फोन लावले. पण फोनवर तरी काय बोलणार होता? तोंड उघडायची सवयच नाही, तर रिंग वाजून बंद झाली की त्याला थोडं बरंच वाटायचं.

तर असा हा माणूस दुपारी नांदेडच्या क्लबात पोचला. अंगात पांढरा शर्ट, तिच्या हातचा शेवटचा. मनगटावरचे टाके पिवळे पडले होते, पण एकही सुटला नव्हता. पुढं देविदास उभा. केस पांढरे झालेले, डोळ्यांवर जाड चष्मा नवा आलेला. लोकांत कुजबुज होती की देविदासचे डोळे गेलेत, साखर चढलीय, ही त्याची शेवटची स्पर्धा. रेफरीनं दोघांना बोलावलं. हात मिळवला. देविदासनं हात दिला तो बोटांपुरता, आणि बघितलं रेफरीकडं.

एवढ्यासाठी राजशेखर शंभरावर किलोमीटर आला होता. ते झालं आणि त्याला एकदम भूक लागल्यासारखं झालं. पुरे म्हणत होता ना? पुरे नव्हतं. संपल्यावरही देविदास असाच बोटांपुरता हात देणार आणि निघून जाणार, मग पुन्हा कधी गाठ पडणार? ही शेवटची स्पर्धा त्याची.

मॅच चुरशीची झाली. बरोबरी होऊन शेवटच्या फ्रेमवर, म्हणजे शेवटच्या डावावर आली. देविदासला चष्म्यातून लांबचं नीट दिसत नव्हतं, पण माणूस जिद्दीला पेटला होता. चुकला की स्वतःच्या मांडीवर बुक्की मारायचा, जमलं की मूठ आवळायचा. राजशेखर दोन बोटं वाजवून दाद देत होता. देविदासनं एकदाही दाद दिली नाही.

शेवटी टेबलावर दोनच रंगीत बॉल उरले, गुलाबी आणि काळा. पाळी राजशेखरची, गुणांतही पुढं तोच. गुलाबी मधल्या पॉकेटच्या तोंडाशी. तो घातला की मॅच खिशात. क्लबातलं शेंबडं पोरगंसुद्धा घालील असा शॉट. राजशेखर वाकला, आणि वाकताना त्याला खुर्चीतला देविदास दिसला. चष्मा काढून डोळे पुसत होता. हरल्यातच जमा होता तो.

तेव्हा राजशेखरच्या डोक्यात ते आलं. हरला तर देविदास बोटं देऊन जाईल. जिंकला तर? जिंकला की तो कवटाळतो. समोर कोण आहे ते त्याच्या लक्षातही राहत नाही, आधी मिठी मारतो. वीस वर्षं पाहिलंय ना. एक मिठी, बस. कुणीतरी अंगाला अंग लावून दोन वर्षं झाली होती हो!

तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "फाऊल. माझी बाही काळ्याला लागली."

रेफरी चपापला. त्याला काही दिसलं नव्हतं, पण खेळाडू स्वतः म्हणतो म्हटल्यावर प्रश्नच नाही. त्यानं सात गुण देविदासला दिले, पाळी देविदासची केली. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. वा रे वा, याला म्हणतात खेळाडू! जिंकलेली मॅच सोडली पण खोटं नाही बोलला! एक म्हातारा सभासद तर उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा राजशेखर टेबलावर खोटं बोलला होता, आणि एवढ्या टाळ्या त्याला खरं बोलल्यावर कधी पडल्या नव्हत्या. तो खुर्चीकडं वळला.

देविदास उठला. टेबलाजवळ आला. बॉलकडं त्यानं बघितलंच नाही. तो राजशेखरच्या मनगटाकडं बघत होता. चष्मा वर सारून, डोळे बारीक करून, अगदी जवळ येऊन त्यानं ते पिवळे टाके बघितले. आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला,

"ही वहिनीनं आवळलेली हाय ना रे?"

दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. राजशेखरनं मनगट मागं घेतलं.

"मंग ती लागंल कशी, राजा?"

राजशेखर क्यूच्या टोकाला खडू लावायला लागला.

"मला भीक घाल, चालंल. तिच्या टाक्यावर खोटं घालू नको."

मग तो रेफरीकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "त्यांनाच परत खेळू द्या."

असा नियम आहे. फाऊल झाला की समोरच्याला हक्क असतो, चूक करणाऱ्यालाच पुन्हा खेळायला लावायचा. पण हा हक्क समोरचा अवघड जागी अडकलेला असला तर वापरतात. पॉकेटच्या तोंडाशी बॉल असताना वापरणारा येडाच म्हणायचा. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, "याचे डोळेच नाहीत, डोकं पण गेलं." देविदास जाऊन खुर्चीत बसला.

राजशेखर पुन्हा वाकला. डावा हात टेबलावर टेकवला, आणि ते टाके त्याच्या डोळ्यांसमोर आले, एका वितीवर. किती बारीक घातले होते. शेवटच्या दिवसांत घातलेले हे, दवाखान्यात जायच्या आधी. हात थरथरत होता तिचा, त्यामुळं एक टाका जरा वाकडा गेला होता. तो वाकडा टाका त्यानं रोज इस्त्री करताना बघितला असेल, आणि आज पहिल्यांदा त्याला दिसला. एकदा तरी घाबरा की हो.

हिरव्या कापडावर एक थेंब पडला. राजशेखरला आधी कळलंच नाही कुठून पडला. ओल्या हातानं टेबलाला शिवलं तर पोरांना बाहेर काढणारा हा माणूस. दुसरा पडला. मग त्याच्या खांद्यांना काहीतरी झालं. डोळ्यांपुढं गुलाबी बॉलचे दोन झाले, चार झाले, दिसेनासे झाले. क्यू हातात तसाच, अंग तसंच वाकलेलं, आणि तोंडातून असा आवाज आला की पहिल्या रांगेतल्या लोकांना वाटलं, याला काहीतरी झालं.

खेळणाऱ्या खेळाडूजवळ कुणी जात नाही. जायचंच नसतं. सगळी खोली अंधारात आणि टेबलावर दिवे, त्या दिव्यांखाली तो एकटा रडत होता. शिवकन्येसाठी, दवाखान्यातल्या त्या खुर्चीसाठी, कुलूप उघडून रोज ज्या घरात शिरायचा त्या घरासाठी. मागं कुजबुज सुरू झाली. कुणी फोन वर केला. कुणीतरी पाणी घेऊन उठलं. रेफरी घड्याळाकडं बघून एक पाऊल पुढं आला.

देविदासनं खुर्चीतून तळहात वर केला.

"थांबा," तो म्हणाला. "बोलू नका कुणी. त्याचा शॉट चालू हाय."

फोन खाली गेला. पाणी घेऊन उठलेला होता तिथंच खाली बसला. आणि देविदास हात तसाच धरून बसला, तो थकून थरथरायला लागला तरी. राजशेखर रडायचा थांबेपर्यंत त्यानं तो खाली केला नाही.

मग राजशेखरनं त्याच बाहीनं डोळे पुसले आणि शॉट मारला. खरा मारला, मनापासून. गुलाबी पॉकेटच्या कडेला आपटला आणि बाहेर राहिला. देविदास उठला, चष्मा सारखा केला, गुलाबी घातला, मग काळा घातला. टेबलाचा मुका घेतला नाही. मिठीही मारली नाही. राजशेखरसमोर येऊन उभा राहिला आणि हात पुढं केला. यावेळी पूर्ण हात दिला, आणि सोडला नाही.

"तिसऱ्या दिवशी मी हेच बघाया आलतो, राजा," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा एक डोळाही आता ओला नव्हता.

तेवढ्यात लोक आले. देविदासला खांद्यावर घेतलं, फोटोला ओढलं, त्याची पुढची मॅच लागली होती. देविदास गर्दीतून मान वळवून इकडं बघत होता. राजशेखरनं पेटी बंद केली, दोन बोटं टेबलाच्या लाकडावर वाजवली आणि निघाला. थांबला असता तर काय बोलला असता? आजच्यापुरतं जेवढं होतं तेवढं झालं होतं.

परतीच्या एसटीत त्याच्या शेजारी माहूरहून देवीचं दर्शन घेऊन परतणारी एक म्हातारी बसली होती. कपाळावर मळवट, मांडीवर प्रसादाची पिशवी. लोहा मागं पडलं तसं राजशेखरच्या डोळ्यांना पुन्हा पाणी लागलं. एकदा वाट सापडली की ते काही थांबत नाही. म्हातारीनं थोडा वेळ बघितलं, मग विचारलं,

"काय झालं रे बापा?"

राजशेखरचा डावा तळहात आपोआप वर निघाला. अर्ध्यावर आला आणि त्याचा त्यालाच दिसला, टाक्यांसकट. त्यानं तो खाली घेतला, मांडीवर ठेवला.

"बायको वारली माझी."

"आगं माय! कधी?"

"दोन वर्षं झाली."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. हसली नाही. पिशवी सावरत म्हणाली, "मंग इतके दिवस काय करीत व्हतास?"

"खेळत होतो," राजशेखर म्हणाला.